कुंपण आणि वहिवाट : ‘एन्क्लोज’ या इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

‘चहूबाजूंनी वेढणे’ या कल्पनेसाठी इंग्रजीत डझनभर तरी क्रियापदे निघतील, आणि त्यांतील काहींची कुळकथा त्यांच्या आजच्या अर्थावरून मुळीच ओळखू येत नाही. ‘सराउंड’ हे सर्वांत रुळलेले क्रियापद, पण त्याचा वर्तुळाशी मुळात संबंध नाही. लॅटिनमधील ‘उन्दा’ म्हणजे लाट. त्यापासून तयार होऊन फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले हे क्रियापद सतराव्या शतकापर्यंत पाणी काठाबाहेर वाहणे, जमीन पाण्याखाली जाणे अशा अर्थाने वापरले जात होते, आणि पुढे ‘राउंड’ या शब्दाशी उच्चार जुळतो म्हणून ते त्याचेच भावंड असावे असा समज पसरून त्या समजानेच त्याचा अर्थ बदलून टाकला. ‘फेन्स’ हे ‘डिफेन्स’चे पहिले अक्षर गळून उरलेले रूप आहे. या गोष्टी कोशकाराच्या कुतूहलाच्या आहेत. ‘एन्क्लोज’ या क्रियापदाचा इतिहास मात्र कोशात मावत नाही, कारण त्याच्या अर्थावरून इंग्लंडमध्ये दंगे झाले, माणसे फासावर गेली आणि संसदेला तीन शतकांत पाच हजारांहून अधिक कायदे करावे लागले.

लॅटिनमध्ये ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे. त्यापासून फ्रेंचमध्ये ‘क्लो’, म्हणजे बंदिस्त जागा, आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘एन्क्लोज’ हे क्रियापद आले. कुंपणाने वेगळे केलेल्या शेताला ‘क्लोज’ आणि मठातील बंदिस्त आवाराला ‘क्लॉइस्टर’ हे शब्दही त्याच मुळापासून निघाले. सामान्य लेखनात या क्रियापदाचे पहिले अक्षर ‘ई’ने लिहिले जाते, पण जमिनीविषयीच्या कायद्यांत ते आजही बहुधा ‘आय’ने लिहिले जाते, त्यामुळे केवळ वर्णलेखनावरून वाचकाला समोरचा कागद कचेरीतला आहे की कोर्टातला याचा अंदाज येतो. कचेरीतल्या अर्थालाही इतिहास आहे. पाकिटाचा वापर सर्रास होण्यापूर्वी पत्राचाच कागद घडी घालून मोहरबंद केला जाई आणि १८४० मध्ये वजनावर आधारित एकसमान दर लागू होईपर्यंत ब्रिटनमधील टपालाचा आकार अंतर आणि कागदांची संख्या यांवर ठरत असे. पत्राच्या घडीत दुसरा कागद ‘एन्क्लोज’ केला की टपालखर्च दुप्पट होई. मराठी शासकीय पत्राच्या तळाशी ‘सहपत्र’ म्हणून जी नोंद असते ती याच कचेरीतल्या अर्थाची आहे. पुढील विवेचन मात्र जमिनीपुरते आहे, कारण या क्रियापदाने खरा उत्पात तेथेच घडवला.

जमिनीला ‘एन्क्लोज’ करणे म्हणजे नेमके काय बंद करणे, हे समजण्यासाठी त्याआधीचे इंग्रजी शिवार डोळ्यांपुढे आणले पाहिजे. मध्य इंग्लंडमधील मिडलँड्स या सखल पट्ट्यातील नमुनेदार गावाची पेरणीची जमीन दोन किंवा तीन अवाढव्य शेतांत विभागलेली असे आणि त्या शेतांमध्ये कुंपण नसे. एका शेतात हिवाळी गहू वा राय, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरलेले बार्ली, ओट किंवा वाटाणा, आणि तिसरे पडीत, असा फेरा दरवर्षी पुढे सरकत असे. प्रत्येक शेत अरुंद, लांबलचक पट्ट्यांत मोडलेले होते. नांगरणारे बैल एका दमात जेवढे अंतर काटत त्याला ‘फर्लांग’, म्हणजे नांगराच्या एका सरीची लांबी, असे नाव होते. ती पुढे २२० यार्ड अशी ठरली, आणि २२० यार्ड लांब व २२ यार्ड रुंद असा तुकडा म्हणजे एकर. एकाच कुटुंबाचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असत, त्यामुळे चांगली माती आणि पाणथळ माती दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला थोडीथोडी येई, पण त्यामुळेच कोणालाही गावाच्या वेळापत्रकाबाहेर पेरता येत नसे. कापणी झाली की खासगी पट्टे खासगी राहत नसत: धसकटांवर साऱ्या गावाची गुरे सुटत, आणि त्याआधी गरीब घरांतील बायका-मुले सरवा वेचून घेत.

शेतांच्या पलीकडे सामाईक रान असे, ज्याला इंग्रजीत ‘कॉमन’ म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला गायरान हा शब्द येथे आठवेल, आणि तो बराचसा बरोबर आहे, पण एक फरक आहे. इंग्लंडमध्ये या रानाची मालकी तांत्रिकदृष्ट्या गावाची नसून ‘मॅनर’च्या, म्हणजे त्या जहागिरीच्या धन्याची असे, गावकऱ्यांचे त्यावर विशिष्ट हक्क असत आणि प्रत्येक हक्काला स्वतंत्र नाव होते. गुरे चारण्याचा हक्क वेगळा, सरपणाचा व घरदुरुस्तीच्या लाकडाचा वेगळा, जळणासाठी पीट नावाची दलदलीतली माती कापण्याचा वेगळा, आणि शरद ऋतूत ओकच्या झाडांखाली पडलेली फळे डुकरांना खाऊ घालण्याचा त्याहून वेगळा. कोणी किती जनावरे सोडायची याचा हिशेब मॅनरच्या न्यायसभेत ठरे, आणि जास्तीचे वा भटके जनावर कोंडवाड्यात जाई. म्हणजे जमीन एकाची आणि तिच्यावरची वहिवाट अनेकांची, असा तो व्यवहार होता. ‘एन्क्लोज’ या क्रियापदाचा कायदेशीर अर्थ या व्यवहारातूनच निघतो. भोवती काटे लावणे हा त्यातील दिसणारा भाग. इतरांची वहिवाट संपवणे हा खरा भाग.

ही वहिवाट संपवण्याची पहिली लेखी परवानगी १२३५ च्या मर्टनच्या कायद्यात सापडते. भाडेकऱ्यांच्या गुरांना पुरेसे चराऊ रान शिल्लक ठेवले तर बाकीची पडीक जमीन धन्याने स्वतःच्या फायद्यासाठी घ्यावी, असे त्या कायद्याने ठरवले. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे ठरवण्याची ताकद कोणाकडे होती हे सांगण्याची गरज नाही. तरीही पुढची शंभरेक वर्षे जमिनीपेक्षा माणसे जास्त होती आणि धान्याला मागणी होती, म्हणून प्रश्न तीव्र झाला नाही. १३४८-४९ च्या प्लेगने चित्र उलटे केले. मजूर मिळेनासे झाले, लोकर मात्र खपत राहिली, आणि शंभर एकर नांगरायला लागणाऱ्या माणसांच्या तुलनेत शंभर एकरांवर मेंढ्या राखायला एक धनगर आणि त्याचे कुत्रे पुरे होते. पंधराव्या शतकात अनेक गावे उठली. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी हे त्यांतील सर्वांत बारकाईने उत्खनन झालेले गाव १५०० च्या सुमारास रिकामे झाले. १४८९ पासून ट्यूडर राजांनी गावे मोडण्याविरुद्ध कायदे केले, १५१६ मध्ये टॉमस मोरने आपल्या ‘यूटोपिया’ या लॅटिन ग्रंथात मेंढ्या माणसांना खाऊ लागल्याचे उपरोधिक चित्र रंगवले, आणि १५१७ मध्ये कार्डिनल वुल्झीने कोणी किती जमीन बंद केली याची जिल्हावार चौकशी लावली. चौकशीचे कागद इतिहासकारांना उपयोगी पडले. गावकऱ्यांना फारसे नाही.

या क्रियापदाची पहिली नेमकी अधिकृत व्याख्या १५४८ मध्ये झाली, आणि ती भाषाशास्त्रज्ञाने केलेली नसून जॉन हेल्स नावाच्या सरकारी आयुक्ताने केलेली आहे. मिडलँड्समधील चौकशीसाठी ज्यूरींना, म्हणजे साक्षीपुराव्यासाठी बोलावलेल्या स्थानिक पंचांना, सूचना देताना त्याने बजावले की ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही अशा स्वतःच्या जमिनीला कोणी कुंपण घातले तर तो या चौकशीचा विषय नव्हे, उलट कुंपणातल्या झाडांमुळे देशात लाकूड वाढते, म्हणून ते हिताचेच आहे. चौकशी करायची ती इतरांच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांची, शेतकऱ्यांची घरे पाडणाऱ्यांची आणि नांगराखालची जमीन कुरणात घालणाऱ्यांची. पुढे अनेक लेखकांनी ‘एन्क्लोजर’ हा शब्द सरसकट वापरून जो घोटाळा केला तो हेल्सने आधीच निस्तरून ठेवला होता. कुंपण असूनही ‘एन्क्लोजर’ नसू शकते आणि एक काटाही न रोवता ते पूर्ण होऊ शकते, हे त्याच्या व्याख्येतून सरळ निघते.

पुढच्याच वर्षी नॉरफोक परगण्यात रॉबर्ट केटचा उठाव झाला आणि त्यात हाच फरक रणांगणावर आला. जुलै १५४९ मध्ये वाइमंडम गावच्या जत्रेसाठी जमलेल्या लोकांनी आसपासच्या जमीनदारांची कुंपणे मोडायला सुरुवात केली. हेदरसेटच्या जॉन फ्लॉवरड्यू नावाच्या वकील जमीनदाराने त्यांना पैसे देऊन आपल्या वैऱ्याच्या, म्हणजे केटच्या, शेतांकडे वळवले. केट हा चामडे कमावण्याच्या धंद्यातला सधन माणूस होता आणि त्यानेही सामाईक जमीन बंद केली होती. पण जमाव दारात आल्यावर त्याने त्यांची तक्रार रास्त मानली, स्वतःची कुंपणे त्यांच्याबरोबर पाडली आणि त्यांचे नेतृत्व पत्करले. नॉरिच शहराबाहेरच्या मूसहोल्ड हीथ या माळरानावर सुमारे सोळा हजार माणसे जमली, त्यांनी ओकच्या एका झाडाखाली न्यायसभा भरवली, आणि राजाकडे २९ कलमांचे मागणीपत्र पाठवले.

कुंपणे मोडण्यातून सुरू झालेल्या या उठावाच्या मागणीपत्रात कुंपणाचा थेट उल्लेख जवळजवळ एकाच कलमात आहे, आणि त्यात यापुढे कोणी जमीन बंद करू नये या मागणीबरोबरच केशराच्या मळ्यांना घातलेली कुंपणे मात्र राखावीत अशी विनंती आहे. पूर्व इंग्लंडात त्या काळी केशर पिकत असे, त्याच्या कंदांवर मोठा खर्च होत असे, आणि मोकाट गुरे आत शिरली तर तो सगळा वाया जाई, म्हणून बंडखोरांनाही ते कुंपण अन्यायाचे वाटत नव्हते. त्यांचा रोख होता तो मॅनरच्या धन्यांवर: कोणत्याही धन्याने सामाईक रानात स्वतःची जनावरे सोडू नयेत, असे तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. नॉरफोकचे धनी रान बंद करण्याऐवजी तेथे आपल्या मेंढ्यांचे प्रचंड कळप सोडून गावकऱ्यांचा चारा संपवत होते, आणि परिणाम तोच होता. उठाव मोडला गेला तो २७ ऑगस्ट रोजी वॉरिकच्या अर्लने आणलेल्या भाडोत्री सैन्यासमोर. केटला ७ डिसेंबर १५४९ रोजी नॉरिचच्या किल्ल्याच्या भिंतीवर फाशी देण्यात आले. बरोबर चारशे वर्षांनी, १९४९ मध्ये, नॉरिचच्या नागरिकांनी त्याच किल्ल्यावर त्याच्या सन्मानार्थ शिलालेख बसवला.

नंतरचे उठाव लहान होते, पण रक्तपात त्यांतही झाला. १६०७ मध्ये मिडलँड्समध्ये जॉन रेनल्ड्स नावाच्या माणसाने लोकांना गोळा केले. आपल्या कमरेच्या थैलीत असे काही आहे की ज्यामुळे कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, असे तो सांगे, म्हणून त्याला ‘कॅप्टन पाउच’ म्हणत. त्या वर्षी ८ जूनला नॉर्थॅम्प्टनशरमधील न्यूटन येथे जमीनदारांच्या सैन्याने चाळीस ते पन्नास माणसे मारली, आणि रेनल्ड्सला पकडून थैली उघडली तेव्हा तिच्यात हिरव्या चीजचा तुकडा निघाला. १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी सरेमधील सेंट जॉर्जेस हिलवर सामाईक पडीक जमीन खणून भाजीपाला लावला. त्यांचे म्हणणे असे की जमीन मुळात कोणाच्याही कुंपणाची नव्हे. त्यांना वर्षभरात हुसकावून लावले गेले.

या सगळ्यापेक्षा परिणामकारक ठरली ती शांतपणे, कागदावर, संसदेच्या शिक्क्याने झालेली जमिनीची बंदिस्ती. अशा प्रकारचा पहिला कायदा १६०४ मध्ये डॉर्सेटमधील रॅडिपोल गावासाठी झाला, पण खरा पूर १७५० नंतरचा. १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक जमीन ‘एन्क्लोज’ झाली. उरलेल्या प्रदेशाचा बराच भाग त्याआधीच आपसांतील करारांनी कुंपणात गेलेला होता. कायद्यांची सर्वांत मोठी लाट फ्रान्सशी झालेल्या युद्धकाळात, १७९३ ते १८१५ दरम्यान आली, कारण गव्हाचे भाव चढलेले असताना पडीक रान म्हणजे बुडालेले उत्पन्न असे जमीनदारांना वाटत होते.

प्रत्येक गावासाठी स्वतंत्र कायदा होत असे आणि त्याची पायरी ठरलेली होती. गावातले प्रमुख जमीनधारक संसदेकडे अर्ज करत. १७७४ पासून ठरलेल्या नियमाप्रमाणे अर्जाची सूचना ऑगस्ट किंवा सप्टेंबरमधील तीन रविवारी गावच्या चर्चच्या दाराला लावावी लागे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दवंडीची सोय त्यात नव्हती. संमती मोजली जाई ती डोक्यांवर नव्हे, तर जमिनीच्या किमतीवर, आणि साधारणतः तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश किमतीची जमीन अनुकूल असली की पुरे, त्यामुळे दोन-तीन मोठे मालक एकत्र आले तर बाकीच्या साऱ्या गावाचा विरोध शून्यवत ठरे. मग आयुक्त नेमले जात, बहुधा तीन: एक मॅनरच्या धन्याचा, एक चर्चच्या दशांश-उत्पन्नाच्या हक्कदाराचा आणि एक उरलेल्या मालकांचा. ते गावात येऊन मुक्काम ठोकत, मोजणीदार नेमत, प्रत्येकाकडून हक्काचे दावे लेखी मागवत, आणि शेवटी विखुरलेल्या पट्ट्यांच्या व सामाईक हक्कांच्या बदल्यात प्रत्येकाला एकसंध तुकडा देणारा निवाडा चामड्याच्या कागदावर नकाशासह लिहीत. रस्तेही तेच आखत. १८०१ च्या सर्वसाधारण कायद्याने सार्वजनिक गाडीरस्ता किमान ३० फूट रुंद ठेवण्याची अट घातली, म्हणून मिडलँड्समधील कित्येक रस्ते आजही दोन्ही बाजूंना गवताचे रुंद पट्टे ठेवून पट्टीने आखल्यासारखे सरळ जातात.

लेखी दावा मागणे या एका पायरीवर अर्धे गाव गळाले. ज्याच्या घराला कायद्याने मान्य असा हक्क जोडलेला होता त्याला बदली जमीन मिळाली; जो पिढ्यान्‌पिढ्या एक गाय किंवा चार हंस रानात सोडत आला होता, पण कागद दाखवू शकत नव्हता, त्याची वहिवाट ही धन्याने दिलेली मेहेरबानी ठरली आणि मेहेरबानीला भरपाई नसते. ज्यांना तुकडा मिळाला त्यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहिली. निवाड्यात ठरवलेल्या मुदतीत स्वतःच्या खर्चाने कुंपण घालणे सक्तीचे होते, आणि कुंपणाचा खर्च क्षेत्रफळावर नव्हे, परिघावर ठरतो. एका एकराच्या चौरस तुकड्याभोवती सुमारे २७८ यार्ड कुंपण लागते. शंभर एकरांच्या चौरसाला सुमारे २,७८३ यार्ड, म्हणजे एकरी जेमतेम २८. लहान मालकाला मोठ्याच्या दहापट खर्च एकरी सोसावा लागला, शिवाय मोजणी, वकील आणि संसदेतील फीचा वाटा वेगळा. कित्येकांनी निवाड्याची शाई वाळण्याच्या आतच तुकडा शेजारच्या मोठ्या मालकाला विकून टाकला.

ज्या कुंपणांनी हे सारे घडले ती बहुधा जिवंत होती. चर खणून निघालेल्या मातीचा बांध घालायचा, त्यावर हॉथॉर्न या काटेरी झुडपाची रोपे ओळीत लावायची, आणि गुरांनी ती खाऊ नयेत म्हणून काही वर्षे दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा उभा करायचा, अशी पद्धत होती. रोपवाटिकांतून ही रोपे हजारांच्या हिशेबाने विकली जात. झुडपे माणसाच्या उंचीची झाली की थंडीच्या दिवसांत कुशल मजूर प्रत्येक खोड बुडाशी जवळजवळ आरपार, पण साल शाबूत राहील अशा बेताने छाटत, ते तिरके वाकवून मेखांमध्ये गुंफत, आणि वसंतात त्या वाकलेल्या खोडांतून उभे धुमारे फुटून मेंढीलाही पार होता येणार नाही अशी भिंत तयार होई. आज पर्यटकांना जे सनातन इंग्रजी ग्रामीण दृश्य वाटते, हिरव्या चौकोनांचे आणि काटेरी झुडपांच्या रांगांचे, त्यातील मोठा भाग असा अडीचशे वर्षांच्या आतला आहे. त्या चौकोनांतील गवताखाली जुन्या पट्ट्यांचे उंचवटे आणि सऱ्या मात्र अजून टिकून आहेत, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या कुंपणांना न जुमानता एका शेतातून दुसऱ्यात जाताना स्पष्ट दिसतात.

यातून शेती सुधारली की नाही, हा वाद दोन शतके चालू आहे. सलग जमिनीवर टर्निप आणि क्लोव्हरसारखी पिके घेता आली, जनावरांची निवडक पैदास करता आली, हे खरे. पण ‘एन्क्लोजर’चा सर्वांत उत्साही प्रचारक आर्थर यंग यानेच १८०१ मध्ये एक पुस्तिका लिहून कबूल केले की त्याने पाहिलेल्या बहुतेक कायद्यांत गरिबांचे नुकसान झाले होते, ही कबुली ज्या शेतकी मंडळाचा तो सचिव होता त्याला मुळीच रुचली नाही. १९११ मध्ये जॉन आणि बार्बरा हॅमंड या दांपत्याने हा सगळा प्रकार म्हणजे वर्गीय लूट होती असे मांडले, १९६६ मध्ये चेंबर्स आणि मिंगे यांनी कुंपणे व चर खणण्यासाठी मजुरांची मागणी उलट वाढली असे दाखवले, आणि १९९३ मध्ये जे. एम. नीसन यांनी रानावर जगणाऱ्या कुटुंबांची संख्या आधीच्या अभ्यासकांनी फार कमी धरली होती हे नॉर्थॅम्प्टनशरच्या कागदांतून सिद्ध केले. या वादात हॅमंडांची बाजू भाषेने भडक असली तरी मूळ मुद्द्यावर टिकाऊ ठरली आहे: मजुरी वाढणे आणि गाय जाणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत, कारण गाय असलेला मजूर मजुरी नाकारू शकत होता.

न्यायालयांची दिशाही तीच होती. १७८८ मध्ये स्टील विरुद्ध हॉटन या खटल्यात कापणीनंतर सरवा वेचण्याचा गरिबांना कायद्याने हक्क नाही, असा निर्णय झाला. सरवा अनेक गावांत पुढेही शंभर वर्षे वेचला गेला, पण तो आता शेतमालकाच्या मर्जीवर.

उलटा प्रवाह सुरू झाला तो शहरांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडन इतके फुगले की आसपासची सामाईक राने ही चराईपेक्षा मोकळ्या हवेची जागा म्हणून मोलाची झाली, आणि १८६५ मध्ये ती वाचवण्यासाठी कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन झाली. १८६६ मध्ये बर्कहॅमस्टेडच्या रानात लॉर्ड ब्राउनलोच्या इस्टेटीने लोखंडी कुंपण उभारले, तेव्हा ऑगस्टस स्मिथ या जमीनमालकाने ६ मार्चच्या रात्री लंडनहून खास रेल्वेगाडीने मजूर आणून सारे कुंपण सकाळ होण्याच्या आत उखडून व्यवस्थित रचून ठेवले. कोर्टात तो जिंकलाही. लंडनच्या ईशान्येला एपिंगच्या जंगलात लढ्याचे रूप वेगळे होते. तेथील लाउटन गावच्या लोकांना ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून हिवाळाभर सरपणासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा जुना हक्क होता, आणि मॅनरच्या धन्याने रान बंद केल्यावरही टॉमस विलिंगेल या म्हाताऱ्या मजुराने कुऱ्हाड घेऊन जाणे सोडले नाही, त्यापायी त्याच्या कुटुंबातील माणसे १८६६ मध्ये तुरुंगात गेली. पुढे लंडन शहराच्या महापालिकेने स्वतःच्या एका शेताला जोडलेल्या चराईच्या हक्काचा आधार घेऊन दावा लावला, १८७४ मध्ये तो जिंकला, आणि १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने ते जंगल लोकांसाठी कायमचे मोकळे झाले. फांद्या तोडण्याचा हक्क मात्र त्यात संपवला गेला, भरपाई देऊन. त्या पैशातून १८८४ मध्ये लाउटनला बांधलेले सभागृह आजही ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे फांद्या-तोडणीचे सभागृह, या नावाने उभे आहे.

ज्या वर्षी लंडनकरांसाठी एपिंगचे जंगल मोकळे झाले त्याच १८७८ मध्ये हिंदुस्थानात त्या वर्षीचा सातवा कायदा, म्हणजे वन कायदा, लागू झाला आणि येथील जंगले ‘राखीव’ या नव्या सदरात जाऊ लागली. या कायद्याच्या बाजूने बी. एच. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याने जो युक्तिवाद केला तो इंग्लंडच्या आयुक्तांनी गावोगाव वापरलेलाच होता: गावकरी रानातून जे घेतात ती सरकारची सवलत आहे, हक्क नव्हे, आणि सवलत काढून घेता येते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या विधेयकाला विरोध केला. ठाणे जिल्ह्यात भात व नाचणीच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या तोडून जमिनीवर जाळण्याची, म्हणजे राब करण्याची, जुनी वहिवाट या कायद्याच्या कात्रीत सापडली. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी डोंगर, पडीक जमिनी आणि गायराने वनखात्याने घशात घातल्याची जी तक्रार केली आहे ती ‘एन्क्लोज’ या क्रियापदाचा उल्लेख न करता हेल्सच्या व्याख्येत तंतोतंत बसते. लाउटनच्या मजुरांना फांद्यांच्या बदल्यात सभागृह तरी मिळाले.

इंग्लंडमध्ये आज सुमारे तीन टक्के जमीन ‘कॉमन’ म्हणून नोंदलेली आहे आणि २००६ च्या कायद्याप्रमाणे तिच्यावर कुंपण घालायला सरकारची संमती लागते. नॉटिंगहॅमशरमधील लॅक्सटन या गावात तीन मोकळ्या शेतांची पद्धत अजून चालू आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच नुकताच हिवाळी गहू पेरलेल्या शेताची पाहणी करतात, शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घालणाऱ्याला दंड करतात आणि निकाल मॅनरच्या न्यायसभेत नोंदवला जातो. संसदीय काळातील आयुक्तांचे निवाडे आणि नकाशे परगण्यांच्या दफ्तरखान्यांत जपलेले आहेत, आणि एखाद्या मालकाने जुनी पायवाट अडवली तर ती सार्वजनिक आहे हे सिद्ध करण्यासाठी आज कोर्टात जे पुरावे सर्वांत वजनदार मानले जातात त्यांत या निवाड्यांचा समावेश होतो.